एक नंबर कॅमेऱ्यावर अब्बा

कुस्तीचं मैदान मी आजवर एकदाही मैदानात बसून पाहिलेलं नाही. पाहिलंय ते कुस्तीच्या मातीच्या हौद्यापासून पन्नास-साठ पावलांवर उभ्या केलेल्या टेंपोत बसून, तेही चार चौकोनांत. माझ्यासमोरच्या पडद्यावर चार कॅमेऱ्यांची चार चित्रं असतात. त्यातलं कुठलं दाखवायचं ते मी ठरवते, बटण दाबते, आणि ते चित्र मैदानातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर आणि घरोघरच्या मोबाइलवर जातं. या कामाला मिक्सिंग म्हणतात. जत्रा कमिटीची माणसं पहिल्यांदा टेंपोत डोकावतात तेव्हा मला बघून हमखास विचारतात, मिक्सिंगवाले कुठं गेलेत? मी म्हणते, चहाला गेलेत, काय निरोप असेल तो माझ्याकडं द्या. नऊ वर्षं झाली, ते मिक्सिंगवाले अजून चहावरून परत आलेले नाहीत.

उंब्रजला हायवेच्या अंगाला आमचा फोटो स्टुडिओ आहे. तो अब्बांनी उभा केला. लग्न, साखरपुडा, बारसं, वास्तुशांत, काही म्हणून त्यांनी सोडलं नाही. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी बायका सासरी जाताना रडल्या त्या अब्बांच्या कॅमेऱ्यासमोर, आणि पुढं त्यांच्या मुलीही तिथंच रडल्या. नंतर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि लग्नाच्या कामाची रया गेली. तेवढ्यात जत्रेच्या कुस्त्या थेट दाखवायची टूम निघाली. गावची पोरं लांब लांब असतात. कुणी फौजेत, कुणी सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानावर थेट आसामात नाहीतर केरळात. जत्रेला यायला जमत नाही, पण मैदान चुकवायचं नसतं. त्यांच्यासाठी आम्ही.

अब्बा एक नंबर कॅमेऱ्यावर. मावळतीला पाठ करून लोखंडी पाइपांचं मचाण बांधायचं, त्यावर तिकाटण्यावर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागं पांढरी टोपी घातलेले अब्बा, दुपारपासून कुस्त्या संपेपर्यंत. दोन नंबर माझ्या मामेभावाकडं. तो कॅमेरा खांद्यावर घेऊन हौद्याच्या काठाला फिरतो. तीन आणि चार नंबर गर्दी, हलगीवाले, निवेदक असलं इकडचं तिकडचं दाखवतात. खरी कुस्ती असते ती एक आणि दोनवरच. सगळ्यांच्या कानाला हेडफोन, त्यामुळं एक जण शिंकला तरी चौघांना कळतं. आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर एक लाल दिवा. मी ज्याचं चित्र घेईन त्याचा दिवा लागतो. मग त्या गड्यानं हलायचं नाही, खोकायचं नाही, कारण त्या घडीला सगळं जग त्याच्या डोळ्यांनी बघत असतं.

अब्बा तरुणपणी दोन-तीन वर्षं तालमीत होते. त्यांच्या वडिलांनी, माझ्या दादाजींनी, कान धरून घरी आणलं आणि आपल्या दुकानात बसवलं, पण कुस्ती त्यांच्या अंगातून गेली नाही. पैलवानानं पाय कसा टाकला, कंबर किती वाकवली, यावरून पुढचा डाव कुठला येणार ते त्यांना आधी कळतं, आणि डाव पडायच्या आत त्यांची फ्रेम तिथं जाऊन थांबलेली असते. फोकसही ते हातानंच लावणार. मी किती वेळा सांगितलं की आता सगळे ऑटोवर टाकतात. तर म्हणाले, “ऑटोवर लगीन निघतंय, कुस्ती न्हाई.” त्यातही तथ्य होतं. मशीनला पैलवान कोण आणि पंच कोण हे कळत नाही, ते पंचाच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसतं नाहीतर उडालेल्या मातीवर.

त्यांचं चित्र बिघडतंय हे माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं ते लोणंदच्या बाजूला एका मैदानात. आमच्यात त्याला सॉफ्ट जाणं म्हणतात. चित्र असतं, पण कडा उतरलेल्या असतात, पैलवानाच्या अंगावरची माती वेगळी दिसत नाही. मला वाटलं लेन्सवर धूळ बसली. पुसून घेतली. मग वाटलं केबलची भानगड आहे, केबल बदलली. तरी फरक पडला नाही म्हणून मामेभावावर डाफरले, की सामान नीट ठेवत नाहीस. तो बिचारा दुसरी लेन्स घेऊन आला. तरी चित्र तसंच.

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाला अब्बा खाली उतरले तेव्हा मी मचाणावर चढले. कशालाच हात न लावता त्यांच्या जागेवर उभी राहून डोळा लावला. फ्रेम बघून मला कौतुकच वाटलं. हौदा अगदी मधोमध, कडा दोरी लावल्यासारख्या. फक्त सगळं सॉफ्ट होतं. मी फोकसची रिंग जराशी फिरवली आणि हौद्यातला मातीचा खडान्‌खडा दिसायला लागला. लेन्स ठणठणीत होती.

मी खाली उतरले. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. माझ्या जन्माच्या आधीपासून हा माणूस एका डोळ्यानं जगाकडं बघत आलाय. पलीकडच्या दुकानदारानं एकदा नुसतं म्हटलं होतं, की चाचा, आता लेक सांभाळतीय सगळं, तुम्ही बसा निवांत. अब्बांनी त्याच्याकडून महिनाभर साधी काडेपेटीसुद्धा घेतली नाही. अशा माणसाला कोण जाऊन सांगणार, की तुमचा फोकस लागत नाही? मी तरी नाही सांगणार, असं मी ठरवून टाकलं. मी तशी तोंडाची फटकळ आहे, नवऱ्याला विचारा. पण अब्बांपुढं माझी जीभ उचलली गेली नाही.

मग मी एक युक्ती काढली, आणि तिचा मला थोडा अभिमानही वाटला. पैलवान लांब लांब उभे असले, सलामी झडत असली, की अब्बांचं चित्र घ्यायचं. लांबच्या चित्रात फोकसचं फारसं कुणाला कळत नाही. कुस्ती लागली, अंगाला अंग भिडलं, की झटकन दोन नंबरवर जायचं. कुणाला काही समजलं नाही. चित्र चांगलं जात होतं, अब्बा मचाणावर होते, दोन्ही साधलं होतं.

असे तीन आठवडे गेले आणि आम्ही विट्याकडच्या एका गावात मैदानाला गेलो. ऊन मरणाचं. टेंपोत दोन पंखे लावूनही मिक्सर तापला होता, आणि मीही. दुपारपासून कुस्त्या चालू होत्या. मधेच हेडफोनवर अब्बांचा आवाज आला, “एक नंबर चालू हाय न्हवं?” मी म्हटलं, हाय की. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, वायर ढिली झाली का बघ. मी म्हटलं, बघते. बघायचं काही नव्हतं. वायर घट्ट होती.

दिवस कलायला लागल्यावर दोन नंबरच्या इनामाची कुस्ती लागली. गावचा स्वतःचा पैलवान एका बाजूला आणि सांगलीतल्या तालमीतला एक तगडा गडी दुसऱ्या बाजूला. गाव इरेला पडलेलं. पहिली दहा-बारा मिनिटं नुसती खडाखडी, एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेणं. मी सलामीला अब्बांना घेतलं होतं, आता मामेभावाच्या चित्रावर स्थिर होते. सांगलीच्या गड्यानं गावच्या पैलवानाला खाली घेतलं. आणि नेमकी त्याच वेळी कमिटीनं कुठल्याशा पाहुण्याला सत्काराला हौद्यात आणलं.

बाहेरच्या वाचकाला हे नवल वाटेल, पण आमच्याकडं कुस्ती चालू असताना हौद्याच्या कडेला सत्कार चालूच असतात. फेटा, नारळ, शाल, फोटो. पाहुणे इतके असतात की कुस्त्या थांबवायच्या म्हटलं तर मैदान उरकायलाच नको. त्यामुळं एका बाजूला डाव पडतोय आणि दुसऱ्या बाजूला फेटा बांधला जातोय, यात कुणालाच वावगं वाटत नाही. आम्हीही सरावलोय. सत्कार आला की दोन नंबरवाला सरकतो, आणि तेवढ्यापुरतं मी एक नंबर घेते. गेली नऊ वर्षं हे न बोलता होत आलंय. त्या दिवशी माझं बोट एक नंबरकडं गेलंच नाही. तीन आठवड्यांत मी ते तिकडं न न्यायची सवय करून घेतली होती.

मामेभाऊ ओरडला, ओ पावणं, बाजूला व्हा. पाहुणे बाजूला झाले नाहीत, उलट वळून कॅमेऱ्याकडं पाठ करून उभे राहिले. मैदानातून जो आवाज उठला तो टेंपोच्या पत्र्यातून माझ्या छातीत आला. कुस्ती झाली होती. आणि माझ्या पडद्यावर, मैदानातल्या एलईडीवर, आसामापासून केरळापर्यंतच्या सगळ्या मोबाइलवर, एक गुलाबी फेटा दिसत होता.

पंचांनी सांगलीच्या गड्याचा हात वर केला. गाव खवळलं. पाठ लागलीच नाही, एक खांदा वर होता, असा गलका झाला. दोन पंचांपैकी एक म्हणत होता चितपट, दुसरा म्हणत होता मला मातीमुळं दिसलं नाही. मोबाइलवर लोक लिहीत होते, कुस्ती फेट्यानं मारली. गर्दी हौद्याकडं सरकायला लागली, हलगी थांबली. शेवटी निवेदकानं माइकवरून जाहीर केलं, की शूटिंग बघून निकाल दिला जाईल, सर्वांनी बसून घ्यावं.

दोन्ही पंच आणि कमिटीचे प्रमुख टेंपोपाशी आले. दोघेही पंच जुने वस्ताद, कान फुटलेले. मला सांगावं लागलं, की लाइव्हच्या चित्रात पाठ दिसत नाही. कमिटीचे प्रमुख माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी स्वतःच तो फेटा बांधून हौद्यात उभी होते. तेवढ्यात हेडफोनवर अब्बा म्हणाले, “माझ्याकडं हाय. कार्ड घेऊन येतो.” प्रत्येक कॅमेऱ्यात आपलं आपलं कार्ड असतं. दिवा लागो न लागो, त्यावर सगळं उतरत असतं.

तीन नंबरच्या चौकोनात मला ते येताना दिसले. मामेभावाच्या खांद्यावर हात ठेवून, पाय चाचपडत टाकत. हा हात त्यांनी कधीपासून ठेवायला सुरुवात केली, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी कार्ड लावलं. चित्र सुरू झालं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉफ्ट होतं. तीन आठवडे मी जे झाकलं ते आता या लोकांपुढं उघडं पडणार. पण फ्रेम बघण्यासारखी होती. दोघे पैलवान डोक्यापासून पायापर्यंत पुरे, एक बोटही कापलेलं नाही, पाहुणा नाही, फेटा नाही. सांगलीच्या गड्यानं घिस्सा डाव ओढायच्या आधीच अब्बांनी चित्र जवळ घेतलं होतं, आणि तो वळला तशी फ्रेमही वळली होती. मी हळू करून तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्या गावचेच असलेले म्हातारे पंच पडद्यापाशी वाकले आणि म्हणाले, “दोनी खांदं लागल्यात. आपल्याच गड्याची पाठ लागली, काय बोलायचं न्हाई आता.” दुसरे म्हणाले, धुरळा लय होता, तरी दिसतंय. चित्र सॉफ्ट आहे हे त्यांना धुरळाच वाटला. जाताना म्हाताऱ्यांनी अब्बांच्या पाठीवर हात ठेवला. चाचा, तुमी व्हता म्हणून बरं झालं, असं म्हणून ते गेले, आणि निवेदकानं निकाल जाहीर केला. गाव कुरकुरलं, पण बसलं.

टेंपोत आम्ही दोघंच राहिलो. मी पडद्याकडं तोंड करून बसले होते, अब्बा मागं उभे होते. तिन्ही वेळा ते तिथंच, पडद्यापासून हातभर अंतरावर उभे होते. ते म्हणाले,

“लागली का गं पाठ?”

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मी वळून बघितलं. ते पडद्याकडंच बघत होते.

“लागली, अब्बा. दोनी खांदं.”

“फ्रेम?”

“फ्रेम एकदम बरोबर हाय.”

“आन फोकस?”

आता मी सांगून टाकलं. “फोकस न्हवता, अब्बा. आज न्हवता. लोणंदपासनं न्हाई.”

ते बॅटरीच्या पेटीवर बसले. मला वाटलं आता चिडतील, पण ते चिडले नाहीत. म्हणाले, “मधीच दिसत न्हाई गं. कडंचं समदं दिसतंय, हौदा दिसतोय, माणसं दिसत्यात. मधी नुसता धुरळा. म्हटलं, तुला कळलं नसंल. मग कुस्ती लागली की दिवा बंद व्हायला लागला. तवा समजलो, हिला कळलंय.”

म्हणजे मी झाकत होते आणि तेही झाकत होते, आणि दोघांनाही दोघांचं माहीत होतं. रोज विझणाऱ्या त्या दिव्याखाली ते तासन्‌तास उभे राहिले, केवळ मी काही बोलत नव्हते म्हणून. मी रडायला लागले. चांगली चाळिशीला आलेली बाई, कानावर हेडफोन, नाक पुसायला जवळ काही नाही. अब्बांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “रडायचं मागनं बघू. एक नंबरची कुस्ती ऱ्हायलीया. तू सांगत जा, मी रिंग फिरवतो.”

ते मचाणावर गेले. सूर्य टेकला होता, दिवे लागले होते, शेवटची मोठी कुस्ती लागली. मी एक नंबर घेतला आणि बोलायला लागले. पुढं घ्या. थोडं अजून. मागं, मागं, एवढं न्हाई. हां, ऱ्हाऊ द्या. पैलवान सरकले की पुन्हा पुढं, पुन्हा मागं. मी फक्त तेवढंच बोलत होते, आणि ते रिंग फिरवत होते. हेडफोनवर सगळी पोरं ऐकत होती. एरवी एकमेकांची टोपी उडवल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, पण त्या कुस्तीत कुणाचा आवाज आला नाही. मधे कमिटीचा एक माणूस येऊन सांगून गेला, की सत्कार दाखवा. मी मान हलवली आणि दाखवला नाही. जवळपास अर्धा तास कुस्ती चालली, पहिल्या सलामीपासून शेवटपर्यंत अब्बांच्याच चित्रावर. कुस्ती सुटल्यावर ते हेडफोनवर एवढंच म्हणाले, “दमलीस का गं?”

त्या आठवड्यात आम्ही मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. शुगरमुळं डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं इंजेक्शनांनी टिकवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. अब्बांनी एकच विचारलं, लेन्स बदलून काही होईल का. डॉक्टरांना वाटलं मोतीबिंदूचं विचारतायत. येताना अब्बांनी गाडीत झोपल्याचं सोंग घेतलं आणि मी ते खरं मानल्याचं.

आता एक नंबरवर मामेभाऊ असतो. अब्बा टेंपोत माझ्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात आणि हलगी ऐकून, गर्दीचा आवाज ऐकून, मला डाव सांगतात. कधी चुकतात. चुकले की मी सांगते, की चुकलं. आता आमच्यात तेवढं ठरलेलं आहे.

दोन कुस्त्यांच्या मधे त्यांना कधी मला बघावंसं वाटलं, तर ते तोंड बाजूला वळवतात. सरळ बघितलं की मी त्यांच्या मधल्या धुरळ्यात जाते, मान वळवली की कडेला येते आणि दिसते. टेंपोत डोकावणाऱ्याला वाटतं, म्हातारा लेकीवर रुसून बसलाय. मी कुणाला काही सांगत नाही. त्यांनी मान वळवली की मी हातातलं काम थांबवते, ओढणी सारखी करते, आणि त्यांचं बघून होईपर्यंत हलत नाही.